सहाच्या पाढ्यातला हत्ती

हत्ती उसवता येतो का?

लोकरीचा असेल तर खुशाल येतो. शेवटची गाठ सोडायची, दोऱ्याचं टोक चिमटीत धरायचं आणि ओढत राहायचं. डोकं गोल गोल फिरत एकेक फेरी कमी होतं, मधलं सगळं भरण बाहेर डोकावतं आणि शेवटी हातात उरते फक्त कुरळी झालेली लोकर. गंमत बघा, या सगळ्यात कात्री कुठेच लागत नाही. तुमच्या शाळेच्या शर्टाचं तसं नाही. तिथे आधी कापड तयार होतं, मग ते कापतात, मग तुकडे जोडून शिवतात. विणलेल्या हत्तीचं पोट मात्र कापडातून कापलेलं नसतं. कापड आणि पोट एकाच वेळी तयार होतं, एका सलग दोऱ्यातून. दोऱ्याला कसं कळतं कुठे फुगायचं आणि कुठे निमुळतं व्हायचं?

दोऱ्याला अर्थातच काही कळत नाही. कळतं ते आकड्यांना. ते आकडे कसे काम करतात, हेच मला तुम्हाला दाखवायचं आहे, कारण मला ते भयंकर आवडतं.

छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हत्तींची ओळख करून द्यायला नकोच. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ. तिथलं कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. सहलीला गेला असाल तर देवळाच्या तळाशी ओळीनं उभे असलेले दगडी हत्ती नक्की पाहिले असतील. सगळं देऊळ जणू त्यांच्याच पाठीवर तोललेलं आहे. हे लेणं वरून खाली कोरत आणलं. म्हणजे हत्ती कातळात आधीपासून होताच असं समजा, कारागिरांनी त्याच्या भोवतीचा नको असलेला दगड तेवढा काढून टाकला. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात तुमच्या घरचं कुणी कामाला असेल तर त्यांना लेथ मशीनबद्दल विचारा. तिथेही हेच चालतं. लोखंडाचा गोल दांडा घ्यायचा, तो फिरवायचा आणि नको तेवढं लोखंड सोलून काढायचं. काढून टाकत टाकत आकार.

विणकाम बरोबर उलट्या दिशेनं चालतं. सुरुवातीला काहीच नसतं. मग एक टाका, मग दुसरा, मग तिसरा. भरत भरत आकार. थ्री-डी प्रिंटर असाच एकावर एक थर चढवत वस्तू बनवतो. आणि इथे चुकलं तरी बिघडत नाही. कैलास लेण्यातल्या कारागिराचा एक घाव जास्त बसला असता तर हत्तीची सोंड परत जोडता आली नसती. लोकरीचा हत्ती चार फेऱ्या उसवा आणि पुन्हा विणा. लोकर तीच, हत्ती नवा.

आता दोऱ्यापासून सुरुवात करू. आपल्या मराठवाड्यात कापसाची काय वाण! कापसाचं एक बोंड मिळवा, त्यातून सरकी काढा आणि बोटभर पुंजका दोन्ही हातांनी हळूच ओढा. अलगद तुटतो. मुळात तो तुटत नाहीच, त्यातले केसासारखे तंतू एकमेकांवरून घसरून सुटे होतात. आता दुसरा पुंजका घ्या, तो दोन बोटांत धरून पिळत पिळत ओढा. झाला दोरा! हा ओढून बघा, आता दम लागेल. पीळ दिला की ओढ बसताच तंतू एकमेकांना आवळतात. जितकं जास्त ओढाल तितके ते जास्त आवळतात, आवळले की घर्षण वाढतं आणि घसरणं थांबतं. तुमच्या हत्तीच्या लोकरीतही हेच घर्षण काम करतं. तंतू मेंढीचे असोत की, दुकानात बहुतेकदा मिळते तशी खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनवलेली ॲक्रिलिक ‘लोकर’ असो, पिळाशिवाय दोऱ्याला बळ नाही.

दोऱ्याचं कापड करायचे दोन मोठे रस्ते आहेत. पहिला आपल्या भागाचा अभिमान आहे. पैठणची पैठणी आणि शहरातला हिमरू, दोन्ही मागावर विणतात. मागावर काही दोरे उभे ताणलेले असतात आणि आडवा दोरा त्यांच्या खालून-वरून जातो. पैठणीच्या पदरावरचा मोर किंवा मुनिया म्हणजे इवलीशी पोपटासारखी पक्षीण, हीसुद्धा मोजणीतूनच येते. कुठल्या रंगाचा दोरा किती उभ्या दोऱ्यांमधून न्यायचा याचा हिशेब विणकराच्या बोटांत पक्का असतो. पण हे कापड सपाट असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही. ताणलं गेलं असतं तर मोराचं बदक झालं असतं.

दुसरा रस्ता फासांचा. इथे उभे-आडवे दोरे नसतात. एकच दोरा स्वतःचा फास करतो आणि त्या फासातून पुढचा फास ओढून घेतो, त्यातून पुढचा, असं चालत राहतं. खरं वाटत नसेल तर आत्ता अंगात घातलेला बनियन किंवा टी-शर्ट भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ न्या. कापडाच्या एका बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खुणांच्या रांगा दिसतील आणि उलट्या बाजूला बारीक लाटा. म्हणजे सकाळपासून तुम्ही विणकामच घालून फिरताय! ते यंत्रानं विणलेलं आहे एवढंच. इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या माणसानं मोजे विणणारं पहिलं यंत्र १५८९ साली बनवलं. म्हणजे वाफेच्या इंजिनाच्या कितीतरी आधी.

फासांचं कापड ताणलं जातं ते फासाचा आकार बदलतो म्हणून. दोरा स्वतः लांबत नाही, वाकलेला फास फक्त सरळ होतो. सोडलं की पुन्हा वाकतो. म्हणून स्वेटर डोक्यातून जातो आणि तरी अंगाला बसतो. म्हणूनच हत्तीच्या पोटात भरण दाबून भरलं की पोट छान टरारतं, सुरकुत्या पडत नाहीत.

घरी आजीला विचारा, तिच्याकडे विणायच्या सुया असतील. सुयांवरच्या फासांना घरं म्हणतात आणि ‘एक सुलट, एक उलट’ हा मंत्र तिला झोपेतही येत असेल. सुयांवर एका वेळी पन्नास-साठ घरं उघडी असतात. सुई निसटली की काळजाचा ठोका चुकतो! क्रोशाचं तसं नसतं. क्रोशाची सुई एकच, टोकाला वाकडी. एका वेळी एकच फास उघडा, बाकी सगळे बंद. त्यामुळे लहान मुलांना शिकायला आणि चिमुकली खेळणी विणायला मला क्रोशाच जास्त आवडतो. क्रोशाच्या टाक्यांची नावंही किती गोड आहेत! साखळी, खांब आणि मुका खांब. मुका खांब साध्या खांबापेक्षा बुटका आणि घट्ट. जपानमध्ये अशा विणलेल्या छोट्या प्राण्यांना अमिगुरुमी म्हणतात आणि ते बहुतेकदा मुक्या खांबांनीच विणतात. टाका घट्ट असला की पोटातलं भरण बाहेर डोकावत नाही.

आता खरी जादू.

हत्तीचं डोकं विणायचं तर सुरुवात एका छोट्या कड्यापासून होते. शिकवणारे त्याला मॅजिक रिंग म्हणतात. त्या कड्यात सहा मुके खांब घालायचे. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन घालायचे, झाले बारा. तिसऱ्या फेरीत एक टाका साधा, पुढच्यात दोन, असं करत गेलं की अठरा. चौथ्या फेरीत दोन साधे, पुढच्यात दोन, म्हणजे चोवीस. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस... ओळखलात का? सहाचा पाढा! जोवर पाढा म्हणत राहाल तोवर समोर एक सपाट चकती मोठी होत जाईल, टेबलावर ठेवली तर कुठेही न उचलणारी.

सहाच का? पाचाचा किंवा साताचा पाढा का नाही?

वर्तुळाचा परीघ काढायचं सूत्र तुम्हाला माहीत आहे, किंवा एक-दोन वर्षांत माहीत होईल. त्रिज्येची दुप्पट करायची आणि तिला पायनं, म्हणजे साधारण ३.१४ नं गुणायचं. आता बघा, चकतीला एक फेरी वाढली की तिची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीनं वाढते. मग परीघ कितीनं वाढेल? २ गुणिले ३.१४, म्हणजे टाक्याच्या उंचीच्या ६.२८ पटीनं. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद असतो. म्हणून प्रत्येक फेरीला अंदाजे सव्वासहा टाके जास्त लागतात. सव्वासहा विणता येत नाहीत, तेव्हा विणणारे सहा घेतात आणि उरलेला पाव टाका लोकर आपली आपण ताणून भरून काढते. जगभरातल्या कितीतरी बायका पायचं नावही न काढता हा सहाचा नियम पाळत आल्या आहेत. त्यांच्या बोटांना पाय ठाऊक होता!

यात आणखी एक चमत्कार दडलाय आणि तो मला अजूनही पूर्ण पचलेला नाही. चकती चिमुकली असो की खोलीएवढी, पुढच्या फेरीला वाढवायचे टाके सहाच. हे पटत नसेल तर असा विचार करा. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती एक दोरी घट्ट गुंडाळली आहे. विषुववृत्त सुमारे ४०,००० किलोमीटरचं, म्हणजे दोरीही तेवढीच. आता ही दोरी सगळीकडे जमिनीपासून एक मीटर उचलायची आहे. किती दोरी जास्त लागेल? शंभर किलोमीटर? हजार? फक्त ६.२८ मीटर. क्रिकेटच्या चेंडूभोवती दोरी गुंडाळून तीही सगळीकडून एक मीटर उचला, तरी तिथेही तेवढीच, ६.२८ मीटर. बाबांना हे कोडं घाला. ते बहुतेक चुकतील आणि मग तुम्ही कागदावर मांडून दाखवा.

पाढा कुठला म्हणायचा हे टाक्याच्या उंचीवर ठरतं. मुक्या खांबाऐवजी साधा खांब घेतला तर तो साधारण दुप्पट उंच असतो, म्हणून तिथे बाराचा पाढा. आजीच्या दोन सुयांवरचा सुलट टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, तिथे फेरीमागे चारच पुरतात. म्हणून सुयांवर विणणाऱ्या एक फेरी सोडून दुसऱ्या फेरीत आठ वाढवतात. हिशेब तोच.

पण आपल्याला चकती नको, डोकं हवंय. मग चोवीसवर आल्यावर पाढा थांबवायचा. पुढच्या फेरीतही चोवीस, त्या पुढच्यातही चोवीस. कापडाला आता पसरायला जागाच नाही, तेव्हा ते आपोआप खाली वळतं आणि वाटी तयार होते. अशा पाच फेऱ्या चोवीसच्या झाल्या की पाढा उलटा म्हणायचा. दोन टाक्यांचा एक करत अठरा, बारा, सहा. बारा टाके उरले की तोंड मिटण्याआधी भरण घालायचं. सगळे मिळून किती टाके झाले? ६, १२, १८, मग पाच वेळा २४, मग १८, १२, ६. बेरीज करा. १९२. एवढ्या टाक्यांत गोल गरगरीत डोकं!

आणि ते खरंच गोल आहे का, तेही तपासता येतं. डोक्याच्या मध्यावर चोवीस टाके आहेत. डोकं चेंडूसारखं गोल असेल तर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत त्याच्या निम्मं अंतर हवं, म्हणजे बारा टाक्यांएवढं. आपल्या फेऱ्या किती झाल्या? अकरा. म्हणजे डोकं किंचित चपटं. हत्तीला ते शोभतंच. फुटबॉल विणायचा असेल तर चोवीसची आणखी एक फेरी घाला. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. वाढवायचे टाके दर फेरीत अगदी एकाखाली एक आले तर चकती गोल न होता षटकोनी दिसायला लागते. म्हणून जाणते विणकर ते टाके थोडे इकडे-तिकडे सरकवतात.

पाढा चुकवला तर? मुद्दाम चुकवून बघाच. सहाऐवजी चार-चारच वाढवत गेलात तर चकतीऐवजी टोपी होते, दोन-दोन वाढवलेत तर टोकदार शंकू. उलट प्रत्येक फेरीत सहापेक्षा फार जास्त वाढवलेत तर कडेला इतकी गर्दी होते की कापड लाटा-लाटांनी उसळतं. कोंबड्याच्या तुऱ्याचं फूल पाहिलंय ना, लाल मखमली, घड्याघड्यांचं? तिथेही हेच झालेलं असतं, कड मधल्या भागापेक्षा झपाट्यानं वाढते. गणितात अशा लाटेरी पृष्ठभागाची वेगळीच भूमिती आहे. गणिती लोक तिची कागदाची प्रतिकृती करायचे आणि ती सारखी फाटायची. मग १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या डायना टायमिना या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी क्रोशाची सुई उचलली. दर फेरीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत त्यांनी तो पृष्ठभाग विणून काढला. फाटायचा प्रश्नच मिटला आणि विद्यार्थ्यांना तो हातात घेऊन वाकवून बघता आला. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणींनी याच युक्तीनं समुद्रातली प्रवाळं विणायला घेतली आणि जगभरातले हजारो हात त्यांना येऊन मिळाले. तुमच्या हत्तीचे कान असेच किंचित लाटेरी हवेत बरं का. कडेच्या शेवटच्या फेरीत थोडे जास्त टाके घाला, कान फडफडल्यासारखे दिसतील.

सोंड सगळ्यांत मजेची. सहा टाक्यांवर सुरू करायचं, एकदा नऊ करायचे आणि मग न वाढवता न घटवता गोल गोल विणत राहायचं. नळी तयार. पण नळी सरळ असते, सोंड वाकडी हवी. इथे साधी युक्ती आहे. दर फेरीत एका बाजूला एक टाका वाढवायचा आणि बरोबर समोरच्या बाजूला एक कमी करायचा. टाके नऊच राहतात, पण एक बाजू लांब होते, दुसरी आखूड आणि नळी आखूड बाजूकडे वाकते. खिडकीत ठेवलेली तुळस उजेडाकडे झुकते ना, तीही अगदी असंच करते. तिच्या खोडाच्या सावलीतल्या बाजूला ऑक्सिन नावाचं रसायन जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि खोड उजेडाकडे वळतं. तुळशीला वळवायला स्नायू लागत नाहीत आणि सोंडेला तार लागत नाही. दोन्हीकडे एका बाजूनं जास्त वाढायचं, बस्स.

वाघ हवा असेल तर सिद्धार्थ उद्यानात जाऊन त्याचे पट्टे नीट बघून या आणि चार फेऱ्यांनंतर एक फेरी काळ्या लोकरीची घाला. भरणासाठी कापूस वापरता येतो, पण तो दबून गोळा होतो आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. जुन्या उशीतलं पॉलिएस्टरचं भरण हलकं असतं आणि दाबलं तरी परत फुगतं. डोळ्यांना मणी लावायचा मोह होईल, पण घरात रांगतं बाळ असेल तर नको. मणी निघाला तर ते तोंडात घालणारच. काळ्या दोऱ्यानं डोळे भरा, तेही छान हसतात.

हत्तीच का निवडला, असं विचाराल तर त्याला एक मोठं कारण आहे. जर्मनीत मार्गारेट श्टाइफ नावाच्या शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या चाकाच्या खुर्चीत असायच्या आणि उजवा हातही नीट चालत नसे. १८८० साली त्यांनी जाड लोकरी नमद्याचा एक छोटा हत्ती शिवला. कशासाठी? टाचण्या टोचून ठेवायला! पण आसपासच्या मुलांनी त्या हत्तीत टाचण्या टोचल्याच नाहीत, ती त्याच्याशी खेळायला लागली. त्या हत्तीपासून पुढे मऊ प्राण्यांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि जगातल्या पहिल्या टेडी बेअर अस्वलांपैकी काही १९०२-०३ च्या सुमारास तिथेच तयार झाली. म्हणजे अस्वलाच्या आधी हत्ती आला होता. मुलांनी मोठ्यांच्या वस्तूचं खेळणं करून टाकलं, ही गोष्ट मला फार आवडते.

हत्ती जमला की मग एक अवघड काम देते. अजिंठ्याला जाल तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात खांबांचे माथे बारकाईनं बघा. तिथे एका ठिकाणी चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं फक्त एक. कुठल्याही हरणाच्या अंगावरून नजर वर न्या, ते डोकं त्याचंच वाटतं. ज्या शिल्पकाराला हे सुचलं तो दीड हजार वर्षांपूर्वी किती खूश झाला असेल!

हे लोकरीत विणता येईल का? माझ्या मते येईल. डोकं आपल्याला आता येतंच, वरून सुरू करून चोवीस टाक्यांपर्यंत. पण ते मिटवायचं नाही, चोवीसवर उघडंच ठेवायचं. चोवीस भागिले चार, प्रत्येक मानेच्या वाट्याला सहा टाके. नुसत्या सहा टाक्यांची मान फार बारीक होईल, म्हणून प्रत्येक वेळी आतल्या बाजूनं सहा साखळ्यांचा पूल बांधायचा. सहा टाके आणि सहा साखळ्या मिळून बारा टाक्यांची नळी, ती झाली मान. मान सरळ विणायची, मग पाढा म्हणत पोट फुगवायचं. चार माना झाल्यावर मध्ये एक भोक उरेल, ते कसं बुजवायचं आणि उभ्या हरणाची मान बसलेल्या हरणापेक्षा किती फेऱ्या लांब करायची, हे मात्र तुम्हीच मोजून ठरवा. वही घ्या, फेऱ्यांचे आकडे एकाखाली एक लिहा, मगच सुई हातात धरा.